नेता शोधून देणारा राजा

काही दिवसांपूर्वी एका महाविद्यालयात स्वातंत्र्यसैनिकांपासून घ्यावयाचे नेतृत्वाचे धडे या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावणे आले. वकिलाला असे बोलावणे येते ते बहुधा ठरलेल्या पाहुण्याने आयत्या वेळी नकार दिला की! तरीही गेलो. व्यासपीठामागे मोठा फलक लावला होता. त्यावर देशासाठी झटलेल्या थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या. सगळेच वंदनीय. पण कोल्हापूरच्या मातीत उभा राहून मी त्या फलकावर कोल्हापूरचा राजा शोधत होतो आणि तो सापडत नव्हता. राजर्षी शाहू महाराज त्या फलकावर नव्हते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तर नव्हतेच नव्हते.

कार्यक्रमानंतर चहा घेताना संयोजक प्राध्यापकांना मी याबद्दल विचारले. त्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता. त्यांनी सरळ सांगितले की, शाहू महाराज संस्थानिक होते, ते तुरुंगात गेले नाहीत, इंग्रजांविरुद्ध लढले नाहीत. मग त्यांना स्वातंत्र्यसैनिकांच्या रांगेत कसे बसवायचे?

त्या वेळी मी फार वाद घातला नाही. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आम्हा वकिलांना एक सवय असते. कोणताही कायदा हातात घेतला की आधी व्याख्येचे कलम वाचायचे. कारण व्याख्या ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात. स्वातंत्र्याची व्याख्या कोणी केली? इंग्रज गेला म्हणजे स्वातंत्र्य आले, ही व्याख्या ज्यांच्या डोक्यावर फक्त इंग्रजच होता त्यांची. ज्यांच्या डोक्यावर इंग्रज होता, त्याच्या खाली पाटील-कुलकर्णी होते, त्यांच्या खाली गावगाडा होता आणि सगळ्यांच्या वर धर्मशास्त्र होते, त्या माणसाचे स्वातंत्र्य कोणते? या प्रश्नाचे उत्तर द्यायला जो राजा निघाला, त्याचे चरित्र आज पुन्हा एकदा वाचले पाहिजे. महाराजांना कोणत्या फलकावर बसवण्यासाठी मी हे म्हणत नाही, त्यांना त्याची गरजही नाही. आपल्या चळवळीतल्या नेतृत्वाचे आज जे झाले आहे, त्यावरचे औषध या चरित्रात आहे, म्हणून म्हणतो.

कैदेत मेलेल्या राजाची गादी

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव तथा आबासाहेब, आई राधाबाई. आई लहानपणीच गेली, पुढे वडीलही गेले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांच्या आतला हा मुलगा छत्रपतींच्या गादीचा वारस झाला.

ही गादी रिकामी कशी झाली होती, हे आजच्या पिढीला सांगितले जात नाही. आधीचे राजे चौथे शिवाजी महाराज. त्यांना वेडे ठरवून इंग्रजांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात ठेवले होते. तेथेच १८८३ साली त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे शाहू महाराज ज्या गादीवर बसले ती इंग्रजांच्या कैदेत मेलेल्या राजाची गादी होती. परकीय सत्ता काय असते, हे त्यांना कोणी व्याख्यान देऊन शिकवायची गरज नव्हती. राजकोट आणि धारवाडला त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. इंग्रज रेसिडेंटची नजर, अंगठ्याखाली दबलेले संस्थान, तोडकी सत्ता. एवढ्याच भांडवलावर त्यांना काम करायचे होते.

ही मर्यादा आपण मान्य केली पाहिजे. महाराजांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले नाही. पण हातात जेवढी सत्ता आली तेवढी त्यांनी कोणासाठी वापरली, हा खरा प्रश्न आहे. आज संपूर्ण सत्ता हातात असूनही काही न करणारे आपण रोज पाहतो. म्हणून हा प्रश्न विचारायलाच हवा.

गादीवर बसल्यावर महाराजांनी दरबाराकडे पाहिले. सामान्य प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. राज्य छत्रपतींचे, रयत बहुजनांची आणि लेखणी एकाच जातीच्या हातात! मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेग आला. तरुण राजा गावोगाव फिरला आणि रयत कशी जगते ते त्याने डोळ्यांनी पाहिले. पुस्तकात न मिळणारे शिक्षण त्याला तिथे मिळाले.

स्वतःच्या अपमानापासून दुसऱ्याच्या अपमानापर्यंत

१८९९ साली वेदोक्त प्रकरण घडले. कार्तिक महिन्यात पंचगंगेवर महाराज स्नानाला जात असत. तेथे पुरोहित जे मंत्र म्हणत होता ते वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे लक्षात आले. म्हणजे ज्याच्या राज्यात ब्राह्मण राहत होता, ज्याचे इनाम खात होता, तो राजाच त्या ब्राह्मणाच्या लेखी शूद्र होता. महाराजांनी वेदोक्त विधींचा आग्रह धरला. राजोपाध्यांनी नकार दिला. महाराजांनी त्यांची इनामे जप्त केली. प्रकरण इंग्रज सरकारपर्यंत अपिलात गेले आणि शेवटी महाराजांच्या बाजूने निकाल लागला. या वादात लोकमान्य टिळक महाराजांच्या बाजूने उभे राहिले नाहीत, हे इतिहासात नोंदलेले आहे.

येथे आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वेदोक्त प्रकरण हे मुळात क्षत्रियत्वाच्या हक्काचे प्रकरण होते. त्यात महारा-मांगाचा प्रश्न नव्हता. एखादा दुसरा राजा असता तर तो येथेच थांबला असता. आपल्याला क्षत्रिय म्हणवून घेतले, वेदोक्त मंत्र पदरात पाडून घेतले, की झाले! खालच्या माणसाला खालीच ठेवले असते. उलट त्याच्यावर जास्तच दात-ओठ खाल्ले असते. अशी माणसे आपण पाहतो. वरच्याने केलेला अपमान ते खालच्यावर काढतात.

शाहू महाराजांचे मोठेपण येथे सुरू होते. राजवाड्यात राहणाऱ्या मला जन्मावरून हीन ठरवले तर एवढी आग लागते, मग गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय होत असेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असला पाहिजे. कारण त्यानंतरच्या वीस वर्षांतले त्यांचे एकेक पाऊल वरून खाली उतरत गेलेले दिसते. आधी मराठा, मग इतर मागासलेले आणि शेवटी सर्वांत तळाचा अस्पृश्य. स्वतःच्या अपमानातून जो दुसऱ्याचा अपमान ओळखायला शिकतो, तो नेता. नेतृत्वाचा पहिला धडा हाच.

दयेने नव्हे, हुकमाने

२६ जुलै १९०२. महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते. इकडे करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला. या तारखेनंतर रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या.

एक वकील म्हणून मी हा हुकूम अनेकदा वाचला आहे आणि दरवेळी त्याची बांधणी पाहून थक्क होतो. त्यात मागासलेले वर्ग म्हणजे कोण, याची व्याख्या आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सगळे, अशी ती व्याख्या. त्यात प्रमाण सांगितले आहे. ज्या खात्यात हे प्रमाण नाही तेथे पुढची नेमणूक कोणाची करायची, तेही सांगितले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेमणुकांचा तपशील खातेप्रमुखांनी दर तिमाहीला सादर करायचा, असे बजावले आहे. महाराजांना आपली नोकरशाही माहीत होती. नुसता हुकूम काढला की तो कपाटात जातो, हेही माहीत होते. म्हणून त्यांनी हिशेब मागितला. आज अनुशेषाच्या नावाने शंख करणाऱ्या आपल्या संघटनांनी हे तिमाही तक्ते लक्षात ठेवावेत. १९१२ सालापर्यंत दरबारातील ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मणांची संख्या ३५ वर आली होती. राज्य बुडाले नाही. कारभार थांबला नाही. गुणवत्तेच्या नावाने आजही गळा काढणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या कोल्हापूरने दिलेले हे उत्तर आहे.

आणि जागा राखून भागत नाही, त्या जागांवर बसणारी माणसे तयार करावी लागतात, हेही महाराजांनी ओळखले. १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी राहू लागली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी ती वसतिगृहे होती. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जात वाढवली, अशी टीका काही विद्वान करतात. त्या काळी एका पंगतीला बसायला तयार नसलेली मुले एका छपराखाली कशी आणायची होती, हे मात्र ते सांगत नाहीत. आधी मुलगा शिकू दे, मग तोच भिंत पाडील, असा तो सरळ हिशेब होता. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. देशाच्या राज्यघटनेत शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ साली आला आणि त्याचा कायदा २००९ साली झाला. हिशेब तुम्हीच करा.

तीन वर्षांतली क्रांती

महाराजांच्या आयुष्यातली १९१७ ते १९२० ही वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. १९१८ च्या जून महिन्यात त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीच्या अपघातात गेला. बापाचे काळीज फाटले. पण याच काळात त्यांनी हुकमांचा जो धडाका लावला, त्याला तोड नाही.

१९१८ साली महार वतने रद्द केली. आपल्यातल्या जुन्या माणसांना वतन म्हणजे काय हे सांगायला नको. गावाची चोवीस तासांची चाकरी, सरकारी अंमलदाराचा सांगावा, मेलेली ढोरे ओढणे आणि त्याबदली तुकडाभर जमीन व घरोघरी मागितलेली भाकरी. वतन म्हणजे मालकी आहे, असे आपल्याच लोकांना वाटायचे. प्रत्यक्षात ती गुलामगिरीची सनद होती. महाराजांनी ती जमीन व्यक्तीच्या नावावर रयतावा करून दिली आणि माणसाला चाकरीतून मोकळे केले. बाबासाहेबांनी याच वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले आणि पुढे आयुष्यभर हा प्रश्न लावून धरला. सरकारने अशी वतने रद्द करणारा कायदा केला तो १९५८ साली. म्हणजे करवीरच्या महाराला जे १९१८ साली मिळाले ते शेजारच्या जिल्ह्यातल्या महाराला मिळायला चाळीस वर्षे लागली, आणि तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झालेले होते. आता सांगा, हा राजा स्वातंत्र्यासाठी लढला की नाही?

त्याच वर्षी कुलकर्णी वतने गेली आणि पगारी तलाठी आले. त्या तलाठ्यांत अस्पृश्य तरुणही नेमले गेले. ज्या माणसाची सावली चावडीला चालत नव्हती तो चावडीतल्या दप्तराचा मालक झाला! महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी बंद झाली. १९१९ साली दवाखान्यांसाठी हुकूम निघाला. अस्पृश्य रोग्याला इतर रोग्यांसारखेच वागवायचे, मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्यात वागवतात तसे, आणि ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यायचा. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट एकाच शाळेत बसवण्याचा हुकूमही त्याच वर्षीचा. आंतरजातीय विवाहाला मान्यता, स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध, १९२० साली देवाला मुली वाहण्याच्या प्रथेला बंदी, वेठबिगारीला बंदी. एकामागून एक.

आणि वकिलीच्या सनदा! माझ्या काळ्या कोटाचा इतिहास मी येथून मोजतो. महाराजांनी अस्पृश्य समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. प्रस्थापितांनी ओरड केली की, यांना कायदा काय कळतो? महाराज बधले नाहीत. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला अन्याय समजतो. कलम नंतर शिकता येते, पण अन्यायाची जाण शिकवून येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

भाऊसिंगजी रोडवरचा चहा

पण हुकमाने सगळे होत नाही, हेही या राजाला कळत होते. गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात लहान पोराला विचारली तरी तो सांगेल. गंगाराम महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना गुरासारखे मारले. महाराज परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण त्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना त्यांनी चाकरीतून मोकळे केले, भांडवल दिले आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढले. नाव ठेवले सत्यसुधारक हॉटेल.

महाराच्या हातचा चहा कोण पिणार? हॉटेल ओस पडले. तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा घ्यायचे, बरोबरच्यांना पाजायचे. कोणाला कागदावर सही हवी असली तर त्याला तेथे यावे लागे आणि सहीआधी चहा घ्यावा लागे. काय बिशाद होती नको म्हणायची!

या प्रसंगात महाराजांनी गंगारामांना जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला असता, चार पैसे दिले असते, तर ती दया झाली असती. दया करणारे राजे खूप झाले. महाराजांनी त्यांना गल्ल्यावर बसवले आणि स्वतः गिऱ्हाईक झाले. अस्पृश्य मालक आणि छत्रपती गिऱ्हाईक. माणसाला उभे करायचे म्हणजे काय, हे यापेक्षा सोपे करून सांगता येत नाही. पुढे महाराज गेल्यावर त्यांचे पहिले स्मारक उभारायला पुढाकार घेतला तो सरदार-जहागीरदारांनी नव्हे, याच गंगाराम कांबळे यांनी.

माणगाव : राजा खाली बसला

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दत्तोबा पोवार हे कोल्हापूरच्या चर्मकार समाजातील कार्यकर्ते. महाराज आणि बाबासाहेब यांच्यातील ते मोठा दुवा होते. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. परदेशातून शिकून आलेला एक अस्पृश्य विद्वान मुंबईत आहे, हे कळल्यावर महाराज स्वतः परळच्या चाळीत त्यांच्या भेटीला गेले. राजाने माणूस बोलावला नाही, राजा माणसाकडे गेला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली.

आणि मग २१ व २२ मार्च १९२० रोजी हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. परिषदेसाठी धडपडणारे आप्पासाहेब दादागोंडा पाटील हे जैन समाजाचे, हेही विसरू नये. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वय पुरते २९ वर्षांचेही नाही. महाराज शिकारीवरून मुद्दाम माणगावला आले. त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की, तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, तो तुमच्या बेड्या तोडल्याशिवाय राहणार नाही आणि एक दिवस तो साऱ्या देशाचा पुढारी होईल.

बांधवांनो, या क्षणाचा आपण नीट विचार केलेला नाही. दरवर्षी माणगावला जातो, अभिवादन करतो, परत येतो. पण पाहा. अस्पृश्यांसाठी एवढे हुकूम काढणाऱ्या, एवढ्या शिव्या खाणाऱ्या, एवढा पैसा देणाऱ्या राजाला त्या परिषदेत सहज म्हणता आले असते की, मी आहे ना तुमचा नेता! लोकांनी ते आनंदाने मान्य केले असते. त्याच परिषदेने महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करण्याचा ठराव केला, एवढे लोकांचे त्यांच्यावर प्रेम होते. पण महाराजांना कळले होते की, अस्पृश्यांचा नेता अस्पृश्यांतूनच यायला हवा. बाहेरचा माणूस, मग तो राजा का असेना, मदत करू शकतो, दार उघडू शकतो, पण पुढे चालायचे ते ज्याच्या पायात काटा रुतला आहे त्यानेच. म्हणून त्यांनी नेतृत्वाची खुर्ची स्वतः रिकामी ठेवली आणि योग्य माणूस दिसताच भर सभेत त्याला तीवर बसवले.

लगेच ३० मे ते १ जून १९२० या काळात नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. तिचे अध्यक्ष स्वतः महाराज होते आणि बाबासाहेब तेथे हजर होते. जुलैमध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. त्यांच्या शिक्षणालाही महाराजांचा हात लागला. पण ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७. बाबासाहेब त्या वेळी सातासमुद्रापार होते. १९२३ साली बॅरिस्टर होऊन ते परतले तेव्हा त्यांना नेता म्हणून उभे करणारा राजा नव्हता. १९२७ चे महाड महाराजांनी पाहिले नाही, गोलमेज परिषद पाहिली नाही, राज्यघटना पाहिली नाही. पण माणगावला जे बोलले ते एकेक अक्षर खरे ठरले.

मर्यादा आणि वारसा

आपण अंधभक्त नाही. तथागतांनी आपल्याला पारखून घ्यायला शिकवले आहे. महाराजांनी १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निर्माण केले, ते अनेक सत्यशोधकांना रुचले नाही आणि ती टीका मला पटते. भटशाही घालवून दुसरा जगद्गुरू बसवायचा, यातून मोकळीक येत नाही. महाराज वेदांच्या चौकटीत आणि आर्य समाजाच्या छायेत सुधारणा शोधत राहिले. त्या चौकटीतून बाहेर पडण्याचा रस्ता बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर दाखवला. पण महाराजांनी शोधलेला नेता महाराजांच्या पुढे गेला, यातच त्यांचे यश आहे. शिष्य आपल्यापेक्षा ठेंगणा राहावा, असे ज्याला वाटते तो नेता कसला?

आता त्या प्राध्यापक मित्राच्या प्रश्नाकडे वळतो. १९१७ साली अथणीच्या सभेत लोकमान्य टिळकांनी तेली, तांबोळी, कुणबी यांना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, अशा अर्थाचा सवाल केला. त्याच वर्षी कोल्हापूरचा राजा तेल्या-तांबोळ्यांच्या मुलांना सक्तीने शाळेत बसवत होता. दोघेही आपापल्या परीने स्वातंत्र्याबद्दलच बोलत होते. १९४७ साली जे आले ते एकाच्या स्वप्नातले होते. २६ जानेवारी १९५० रोजी जे आले त्यात दुसऱ्याचे स्वप्न होते. राज्यघटनेच्या कलम १६ मधील मागास वर्गांसाठीची तरतूद वाचताना मला १९०२ चे करवीर गॅझेट दिसते.

आणि हे दोन प्रवाह एकत्र येऊच शकत नाहीत असेही नाही. कोल्हापूरच्या प्रजा परिषदेचे नेते भाई माधवराव बागल हे खरेखुरे स्वातंत्र्यसैनिक. सत्यशोधक बापाचा मुलगा. संस्थानाविरुद्ध, राजाच्या दरबाराविरुद्ध लढलेला माणूस. पण त्याच बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब हयात असताना! शाहूंच्या मातीत वाढलेल्या स्वातंत्र्यसैनिकाला स्वातंत्र्याची पुरी व्याख्या कळत होती.

खुर्ची रिकामी कोण करणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलन केले. उद्घाटन झाले ते तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेला आपल्या समाजाचा, बौद्ध घरातला माणूस. हे बेंच बसले ते भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. ज्या रस्त्यावर एका राजाला महाराच्या हॉटेलात चहा पिऊन दाखवावा लागला, त्याच रस्त्यावर शंभर वर्षांनी हे घडले! त्या दिवशी गर्दीत उभा असताना माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो.

पण घरी परतताना दुसरा विचार आला. महाराजांनी एका माणसात नेता पाहिला आणि बाजूला झाले. आपण काय करतो? आपल्या चळवळीचे किती गट, किती अध्यक्ष, किती राष्ट्रीय अध्यक्ष! जयंतीच्या वर्गणीवरून दोन मंडळे, दोन मंडळांच्या दोन मिरवणुका. तीस-तीस वर्षे एकच माणूस अध्यक्ष. शिकलेला तरुण सभेत प्रश्न विचारायला उभा राहिला की आपण त्याला अनुभव नाही म्हणून खाली बसवतो. बाबासाहेब माणगावला अध्यक्ष झाले तेव्हा त्यांचे वय किती होते? महाराजांनी अनुभवाचा दाखला मागितला असता तर आज आपण कोठे असतो?

माझेही वय पन्नाशीकडे चालले आहे. मीही एका संस्थेचा पदाधिकारी आहे, तेव्हा हे मी स्वतःलाही बजावतो आहे. दरवर्षी २६ जूनला दसरा चौकातल्या महाराजांच्या पुतळ्याला हार घालताना प्रत्येक कार्यकर्त्याने एक गोष्ट मनाशी करावी. आपल्या वस्तीत, आपल्या संघटनेत आपल्यापेक्षा हुशार, आपल्यापेक्षा धीट, आपल्यापेक्षा तरुण असा एक मुलगा किंवा मुलगी शोधावी. तिच्या घरी जावे, तिला बोलावून घेऊ नये. तिच्या शिक्षणाला मदत करावी. आणि वेळ आली की भर सभेत, सगळ्यांच्या देखत तिला पुढे बसवून आपण मागच्या रांगेत जावे.

पुतळ्याला घातलेला हार संध्याकाळी सुकतो. माणगावच्या सभेत महाराजांनी जे केले ते करायला हार लागत नाही, खुर्ची सोडायची तयारी लागते. ती आपल्यात आहे का?

जयभीम!